तारा झाकलाच नाही? कॅमेरा विकायला काढायच्या आधी हे तपासा

पिधानाचं, म्हणजे लघुग्रहाआड तारा झाकला जाण्याचं, रेकॉर्डिंग फसलं असेल तर हे वाचा. आधी लक्षणं लिहितो, तुमचं यातलं कुठलं आहे ते बघा.

– दिलेल्या वेळी रेकॉर्डिंग केलं, तारा फ्रेममध्ये आहे, पण त्याच्या उजेडाचा आलेख सरळ रेषेसारखा सपाट. तारा झाकलाच नाही.
– तारा झाकला, पण तुमची वेळ आणि दुसऱ्या गावातल्या माणसाची वेळ यात दोन-तीन सेकंदांचा फरक येतोय.
– आलेखात खड्डा आहे पण उथळ, धड हो म्हणता येईना धड नाही.
– एक खड्डा यायच्या ठिकाणी चार-पाच आलेत.
– फ्रेममध्ये तारे भरपूर आहेत, आपला कुठला तेच कळेना.
– फाइल नेमकी ऐन वेळी तुटलीय.

पिधान कसं होतं हे माहीत नसणाऱ्यांसाठी दोन ओळी. लांबचा एखादा लघुग्रह किंवा नेपच्यूनपलीकडचा बर्फाळ गोळा फिरता फिरता एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोर येतो आणि त्याची सावली पृथ्वीवरून पट्ट्यासारखी सरकते, त्या पट्ट्यात तुम्ही असाल तर तारा काही सेकंद गायब होतो. गायब कधी झाला आणि परत कधी आला या दोन वेळा नीट मोजल्या की त्या गोळ्याची तुमच्या रेषेवरची रुंदी मिळते. एवढंच. पण एवढंच करताना माणसं रडकुंडीला येतात.

माझा दिवसाचा धंदा पंपाच्या मोटारी रिवायंडिंगचा. ऊसवाले शेतकरी "मोटार जळाली ओ अण्णा" म्हणत मोटार गाडीवर टाकून आणतात आणि उघडून बघावं तर वाइंडिंग एकदम ठणठणीत, फेज गेलेला किंवा कपॅसिटर उडालेला. पिधानाचंही डिट्टो तसंच. बेळगाव, निपाणी, खानापूर, इकडं चंदगड, अशा पोरांचे मला फोन येतात, "कॅमेऱ्यात प्रॉब्लेम आहे बहुतेक", आणि तासभर बोलल्यावर कळतं की कॅमेरा बिचारा ठीकच होता, हा गडी एक दिवस उशिरा बसला होता. म्हणून खालची तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करतोय. क्रम सोडून उड्या मारू नका.

आणि एक आत्ताच सांगून ठेवतो कारण सगळं त्याच्यावरच चालतं. "झाकला नाही" ही वाईट नोंद नाही. सावली तुमच्या अंगावरून गेली नाही हेही मोजमापच आहे, त्यातून गोळ्याची कड कुठपर्यंत हे ठरतं. पण ते कधी? झाकला असता तर मला शंभर टक्के दिसला असता, असं तुम्ही छातीठोक सांगू शकत असाल तेव्हाच. नाहीतर तो सपाट आलेख म्हणजे नुसता रात्रीचा व्हिडिओ. खालची सगळी खटपट त्या छातीठोकपणासाठीच आहे.

तारीख बघा, घड्याळ नंतर

सगळ्यात जास्त गचके इथं खातात, आणि खर्च शून्य. अंदाज सगळे जागतिक वेळेत दिलेले असतात, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. हे सगळ्यांना पाठ असतं. तारीख पुढं जाते हे मात्र झोपेत विसरतं. समजा अंदाजात लिहिलंय १४ तारीख, २० वाजून १० मिनिटं. आपल्याकडं ते १५ तारखेचे पहाटेचे १ वाजून ४० मिनिटं होतात, म्हणजे १४ च्या रात्री जेवून जागत बसायचं. पण गडी "१५ तारीख" एवढंच वहीत लिहितो आणि १५ च्या रात्री मस्त दुर्बीण लावून बसतो. चोवीस तास उशीर. मी स्वतः हे केलंय, ते पण येळ्ळूरच्या गडाखाली थंडीत कुडकुडत, बरोबर पुतण्याला घेऊन. पुतण्या अजून घरच्या लग्नाकार्यात ती गोष्ट सगळ्यांना सांगतो.

सोपा नियम: जागतिक वेळ १८:३० च्या पुढची असेल तर आपली तारीख बदलली. वहीत नेहमी "१४ ची रात्र, १५ ची पहाट" असं दोन्ही लिहा, कॅलेंडरवर पण तसंच.

दुसरी भानगड म्हणजे कुणाची वेळ बघताय ती. सावली काही सगळ्या पृथ्वीवर एकदम पडत नाही. नेपच्यूनपलीकडच्या गोळ्याची सावली सेकंदाला साधारण २५ किलोमीटरने सरकते, पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे या कडेपासून त्या कडेला जायला आठ-साडेआठ मिनिटं लागतात. पानावर वर ठळक लिहिलेली वेळ ही बहुतेकदा सबंध पृथ्वीसाठीची मधली वेळ असते, बेळगावची नाही. तुमच्या जागेसाठीची वेळ वेगळी काढावी लागते, ऑकल्ट किंवा ऑकल्ट वॉचर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली जागा भरली की ती मिळते. पण त्यासाठी जागा बरोबर भरलेली पायजे, आणि तिथंच पुढचा घोळ.

अक्षांश-रेखांश

बेळगाव शहर साधारण १५ अंश ५१ मिनिटं उत्तर, ७४ अंश ३० मिनिटं पूर्व. आता हेच सॉफ्टवेअरच्या दशांश खान्यात लोक १५.५१ आणि ७४.३० असं भरतात. चुकलं! ५१ मिनिटं म्हणजे ०.८५ अंश, त्यामुळं ते १५.८५ आणि ७४.५० पायजे. १५.५१ भरलंत की तुम्ही कागदावर ३८ किलोमीटर दक्षिणेला गेलात आणि वीसेक किलोमीटर पश्चिमेला, म्हणजे टिळकवाडीच्या गच्चीवर बसलाय आणि सॉफ्टवेअरला वाटतंय तुम्ही खानापूरच्या पुढं भीमगडच्या जंगलात बसलाय. मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाची सावली कधीकधी तीस-चाळीस किलोमीटरचीच रुंद असते, त्यात ३८ किलोमीटर म्हणजे खेळ खलास.

फोनवर नकाशा उघडून जिथं तिपाई उभी आहे तिथंच बोट दाबून धरा आणि येणारे दशांश आकडे जसेच्या तसे उतरवा. घरचे आकडे एकदा भरून ठेवले आणि नंतर कडोलीच्या माळावर बसलो तर बदलायचे विसरलो, हा याचाच धाकटा भाऊ.

अंदाज ताजा आहे का, आणि किती भरवशाचा

महिन्याभरापूर्वी काढलेली प्रिंट घेऊन बसू नका. कक्षेची नवी मापं येतात तसा पट्टा सरकतो. २०१८ मध्ये गाया उपग्रहाची दुसरी यादी आली तेव्हापासून ताऱ्यांच्या जागा एकदम अचूक मिळायला लागल्या, त्यामुळं आता चूक राहते ती बहुतेक गोळ्याच्या कक्षेत. आणि लांबच्या गोळ्यांना ती झोंबते. हिशोब करून बघा: ४० खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ४० पट) अंतरावर एका विकलेचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) हजारावा भाग म्हणजे २९ किलोमीटर. शंभरावा भाग चुकला तर २९० किलोमीटर, सावली बेळगाववरून जायची ती सोलापूर ओलांडून गेली. म्हणून पट्टा किती इकडंतिकडं सरकू शकतो याची जी मर्यादा बाजूला काढलेली असते ती रेषा आधी बघा, मधली रेषा नंतर. मर्यादा पट्ट्याच्या तिप्पट असेल तर तुम्हाला तारा न झाकण्याचीच शक्यता जास्त आहे आणि त्यात तुमची काहीच चूक नाही.

ताऱ्याचं पण एक बघा. गायाच्या यादीत आर-यू-डब्ल्यू-ई नावाचा एक आकडा असतो, १ च्या आसपास असला तर ठीक, १.४ च्या वर गेला की तो तारा जोडतारा वगैरे असू शकतो आणि त्याच्या दिलेल्या जागेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. अंदाज करणारी सॉफ्टवेअर याची सूचना देतात, आपण ती वाचत नाही इतकंच.

आणि निराश होऊ नका. अ‍ॅरोकोथ नावाचा गोळा, ज्याच्या जवळून न्यू होरायझन्स यान १ जानेवारी २०१९ ला गेलं, त्याच्यासाठी ३ जून २०१७ ला दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात नासाच्या माणसांनी दुर्बिणींची फौज उभी केली होती. एकालाही तारा झाकलेला दिसला नाही. एकालाही! पण वेळा आणि जागा नीट नोंदवल्या होत्या म्हणून तो सगळा नकार कामाला आला आणि १७ जुलैला अर्जेंटिनात पाच दुर्बिणींनी सावली पकडली. तिथल्या लोकांनी त्या रात्री हायवे बंद ठेवला, गावातले रस्त्यावरचे दिवे घालवले, वारा अडवायला ट्रक आडवे लावले. आमच्याकडं गल्लीतला एक हॅलोजन बंद करा म्हटलं तर समोरचे काका विचारतात, "का रे, काय चोरी करायलाईस?"

तारा तोच आहे का

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर आता दुर्बिणीजवळ जाऊ. अजून पैसे काढायची गरज नाही.

आलेख सपाट यायचं हे फार मोठं कारण आहे की गडी दीड तास भलताच तारा रेकॉर्ड करत होता. दोन कारणांनी होतं. एक, अंदाजातली जागा सन २००० च्या चौकटीत दिलेली असते आणि तुमचा माउंट (दुर्बीण धरून फिरवणारं यंत्र) आजच्या चौकटीतली जागा मागत असतो. पृथ्वीचा आस हळूहळू गरगरतो, वर्षाला ५० विकलांनी, पंचवीस वर्षांत हा फरक वीस-एकवीस कलांवर (६० कला म्हणजे एक अंश) गेला, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या दोन तृतीयांश. छोट्या कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये तेवढं पुष्कळ झालं, तारा फ्रेमच्या बाहेर. माउंटच्या सेटिंगमध्ये कुठली चौकट आहे ते एकदा बघून घ्या, परत बघायला लागत नाही. दुसरं कारण, डायगोनल आरसा लावला की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं, आणि नकाशाशी जुळवता जुळवता माणूस त्रिकोणातला दुसराच कोपरा पकडतो.

उपाय असा. अ‍ॅस्टॅपसारखं फुकटचं सॉफ्टवेअर फोटोतले तारे ओळखून नेमकी जागा सांगतं, ते लॅपटॉपवर टाका आणि एक फोटो काढून खात्री करा. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे आदल्या रात्री रंगीत तालीम करा. तारा रोज चार मिनिटं लवकर येतो, म्हणून आदल्या रात्री चार मिनिटं उशिरा बघितलं की तो बरोबर त्याच जागी, त्याच उंचीवर दिसेल. शेजारच्या नारळाच्या झावळ्या आड येतात का, पाण्याची टाकी आड येते का, हे त्याच वेळी कळतं. आदल्या रात्री कळलं तर दुर्बीण हलवता येते. त्या रात्री कळलं तर नुसतं नारळाकडं बघत बसायचं.

एक्स्पोजर

उथळ खड्ड्याची तक्रार असेल तर इथं थांबा आणि नीट वाचा.

३० किलोमीटरचा लघुग्रह, सावली सेकंदाला १५ किलोमीटर, म्हणजे तारा जास्तीत जास्त दोन सेकंद झाकणार, तुम्ही कडेला असाल तर अजून कमी. आणि तुम्ही तारा छान ठळक दिसावा म्हणून एक्स्पोजर ठेवलंय दोन सेकंद. झाकलेला अर्धा काळ एका फ्रेममध्ये, अर्धा दुसऱ्या, दोन्हींत निम्मा निम्मा उजेड मिसळला. खड्डा भरून निघाला की! घटनेच्या काळात निदान आठ-दहा फ्रेम यायला पाहिजेत, म्हणजे दोन सेकंदांच्या घटनेला ०.२ किंवा त्याहून कमी. तारा मग दाणेदार, लुकलुकता दिसतो, दिसू दे. फोटो स्पर्धेला नाही पाठवायचा. गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवा, बिनिंग (शेजारचे ठिपके एकत्र मोजणं) करा. माझ्या आठ इंची दुर्बिणीला शहराच्या उजेडात ०.२ सेकंदात साडेबारा प्रतीपर्यंतचा (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जेवढा मोठा तेवढा तारा मंद) तारा कसाबसा धड मिळतो, त्याहून मंद असेल तर मी शहराच्या बाहेर पूर्वेला जातो नाहीतर ती घटना सोडून देतो. सोडायला पण शिकावं.

लांबच्या गोळ्यांना जरा सैल ठेवता येतं, नेपच्यूनपलीकडचा क्वावार साधारण १,१०० किलोमीटरचा, मधोमध असाल तर चाळीसेक सेकंद तारा गायब. पण तिथं पण अति सैल नको. ३ जून २०१३ ला कॅरिक्लो नावाच्या अडीचशे किलोमीटरच्या गोळ्याने तारा झाकला, दक्षिण अमेरिकेत बऱ्याच दुर्बिणी लागल्या होत्या, पण त्याच्याभोवती एक नाही दोन कडी आहेत हे वेगळं वेगळं दिसलं ते चिलीतल्या ला सिलाच्या १.५४ मीटरच्या डॅनिश दुर्बिणीवर, कारण तिथला कॅमेरा सेकंदाला दहा फ्रेम घेत होता. एक कडं ७ किलोमीटर रुंद, दुसरं ३. सावकाश कॅमेऱ्यात असले बारीक खड्डे विरून जातात.

कधीकधी खड्डा मुळातच उथळ असतो हेही ध्यानात घ्या. १२ प्रतीचा तारा आणि समोरून जाणारा लघुग्रह पण १२ प्रतीचा, मग झाकल्यावर लघुग्रहाचा उजेड उरतोच, एकूण उजेड निम्म्यावर येतो, म्हणजे पाऊण प्रत. अंदाजात "किती प्रत उतरणार" हा रकाना असतो, तो वाचून बसा. आणि प्लूटो असेल तर अजून मजा, त्याला विरळ वातावरण आहे म्हणून तारा पटकन विझत नाही, हळूहळू मंद होत जातो आणि हळूहळू परततो. नवखा माणूस म्हणतो पातळ ढग आला होता.

घड्याळ. खरा आजार बहुतेक इथंच

दोन-तीन सेकंदांच्या फरकाची तक्रार असेल तर सरळ इथं या.

सेकंदाला २० किलोमीटर सावली सरकत असेल तर घड्याळात एक सेकंदाची चूक म्हणजे नकाशावर २० किलोमीटरची चूक. निपाणीवाल्याची रेघ आणि खानापूरवाल्याची रेघ एकाच गोळ्यावर काढायचीय आणि एकाचं घड्याळ दोन सेकंद पुढं, मग तो गोळा काकडीसारखा वाकडा दिसणार. लॅपटॉपचं घड्याळ दिवसाला सेकंद-दोन सेकंद सहज सरकतं, आणि विंडोजचं आपलं आपण होणारं जुळवणं या कामाला पुरत नाही. "आताच फोनशी जुळवलं की" हे पण चालत नाही, डोळ्यांनी जुळवण्यात अर्धा सेकंद असाच जातो. टीव्हीवरची वेळ, ऑनलाइन रेडिओचे टिक-टिक, यातलं काही नको, डिजिटल प्रसारण स्वतःच काही सेकंद मागं चालतं.

पहिला इलाज फुकट: नेटवरून वेळ जुळवणारा एनटीपीचा प्रोग्राम, माइनबर्गचा लोक वापरतात, तो टाका आणि घटनेच्या निदान दोन तास आधीपासून चालू ठेवा कारण त्याला स्थिरावायला वेळ लागतो. नेट बरं असेल तर फरक काही दहा मिलिसेकंदांवर येतो, बहुतेक लघुग्रहांना ते पुरतं. त्याचा लॉग जपून ठेवा, तोच तुमचा पुरावा. पण हे नेटवर अवलंबून आहे आणि आमच्याकडं जांबोटीच्या पुढं फोन कधी कर्नाटकचा टॉवर धरतो, कधी गोव्याचा, कधी कुणाचाच नाही.

मग दुसरा इलाज जीपीएसचा, इथं पैसे लागतात. साधा यूएसबीचा जीपीएस डोंगल घेऊन "झालं काम" समजू नका, तो वेळेचं वाक्य पाठवतो ते यूएसबीतून येईपर्यंत उशीर होतो आणि तो उशीर दर वेळी सारखा नसतो. सेकंदाच्या ठोक्याची वेगळी तार बाहेर काढलेला मॉड्यूल पाहिजे, किंवा सरळ जीपीएस आत बसवलेला कॅमेरा, क्यूएचवाय १७४ जीपीएस या कामासाठी प्रसिद्ध आहे, पण महाग. मी जुगाड केलाय, सेकंदाच्या ठोक्यावर एक बारीक एलईडी पेटतो आणि तो दुर्बिणीच्या तोंडाशी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी धरतो. फ्रेममध्ये उजेड दिसला आणि फाइलवरची वेळ काय लिहिलीय हे जुळवलं की कॅमेऱ्याचा उशीर आपोआप कळतो.

जीपीएसमध्ये पण एक छुपी खोड आहे, तिने मला एकदा सहा महिने छळलं. जीपीएसचं स्वतःचं घड्याळ जागतिक वेळेच्या १८ सेकंद पुढं आहे, २०१७ पासून हा आकडा तोच आहे. किती सेकंद वजा करायचे हे उपग्रहच सांगतो, पण ती सगळी माहिती एकदा पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. बरेच दिवस बंद असलेला रिसीव्हर चालू केला की तोवर तो आपल्या पोटातला जुना आकडा वापरतो, आणि वेळ नेमकी पूर्ण दोन सेकंद, तीन सेकंद, असली चुकते. लक्षात घ्या, पूर्ण सेकंदांत. तुमचा फरक २.० किंवा ३.० असा गुळगुळीत येत असेल तर हाच रोग. इलाज: घटनेच्या अर्धा तास आधी जीपीएस मोकळ्या आकाशाखाली चालू करून ठेवा. पत्र्याखाली नको.

फाइल तुटणं

यात सांगण्यासारखं फार नाही, कंटाळवाणी कामं आहेत. लॅपटॉप झोपी जायचं सेटिंग बंद, अपडेट बंद, अँटिव्हायरस तेवढ्यापुरता बंद, डिस्कवर जागा आहे का बघा. पूर्ण फ्रेम न घेता ताऱ्याभोवतीचा छोटा चौकोन घ्या, फाइल हलकी होते आणि फ्रेम गळत नाहीत. एसईआर किंवा फिट्स प्रकारात साठवा, त्यात फ्रेम-फ्रेमवर वेळ राहते, मोबाइलसारखं दाबलेलं व्हिडिओ नको. यूएसबीची केबल तीन मीटरची स्वस्तातली असेल तर ती आधी बदला. आणि बॅटरी! ऐन वेळी लाईट जाते, आमच्याकडं तर ती जाण्यासाठीच येते, म्हणून कॅमेरा, माउंट आणि लॅपटॉप तिन्ही बॅटरीवर.

रेकॉर्डिंग कधी चालू करायचं? अंदाजाच्या वेळेच्या निदान पाच मिनिटं आधी, आणि पाच मिनिटं नंतरपर्यंत. १० मार्च १९७७ ला युरेनसने एक तारा झाकला तेव्हा उडत्या विमानातल्या कायपर वेधशाळेतल्या लोकांनी बरंच आधी रेकॉर्डिंग चालू केलं होतं, आणि म्हणून युरेनसच्या आधी त्याच्या कड्यांनी ताऱ्याला मारलेल्या डुबक्या सापडल्या. वेळेवरच चालू केलं असतं तर निम्मी मजा हुकली असती.

आकाश आणि दुर्बीण

चार-पाच खड्ड्यांची तक्रार असेल तर ते ९९ टक्के ढग, दव किंवा वारा. फ्रेममध्ये नेहमी दुसरा एक साधारण तेवढाच तेजस्वी तारा ठेवा. दोन्ही एकदम मंद झाले तर ढग, फक्त आपलाच झाला तर पिधान. हा शेजारचा तारा नसेल तर तुमचा खड्डा कुणी मानणार नाही, आणि मानू पण नये.

आमच्या भागाचं वेळापत्रक म्हणाल तर जून ते सप्टेंबर विसरा, खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर छत्रीखालूनच आकाश बघायचं. ऑक्टोबरात परतीचा पाऊस. नोव्हेंबर-डिसेंबरला आकाश मोकळं पण पहाटे दव असं पडतं की लेन्सवरून पाणी ओघळतं, योगा मॅटची नळी करून दुर्बिणीला पुढं घाला, आणि १२ व्होल्टची हीटरपट्टी गुंडाळा. निपाणी-चिकोडीकडं कारखाने चालू असताना उसाचा पाला जाळतात, तो धूर खाली क्षितिजाशी साठतो, तीस अंशांच्या खालचा तारा असेल तर त्या बाजूला जाऊ नका. जानेवारी ते मार्च आपला हंगाम.

माउंट धड नसेल तर तारा सरकत सरकत छोट्या चौकोनाबाहेर जातो, आणि आलेखात खड्ड्याऐवजी कडा दिसतो. ध्रुवाकडं माउंट नीट लावायला शिका, आमच्याकडून ध्रुवतारा जेमतेम सोळा अंशांवर, घराच्या भिंतीआड जातो, म्हणून जागा उत्तरेला मोकळी बघा.

इथं थांबा आणि जाणकाराला बोलवा

कॅमेऱ्याच्या काचेच्या आत बाष्प धरलं तर सिलिका जेलची पुडी बदलून डब्यात ठेवा, तरी नाही गेलं तर स्क्रू खोलू नका, सर्व्हिसला द्या. मी मोटारी रोज उघडतो, तरी सेन्सर उघडत नाही. आरशावर बुरशी आली किंवा मुलामा उडाला तर घरच्या कापडाने पुसू नका, तो परत चढवून घ्यायचं काम असतं. माउंटचा बोर्ड जळल्याचा वास आला की तिथंच बंद. आणि ओल्या गवतात २३० व्होल्टची जोडलेली वायर टाकू नका, शेतावर जोडणी पाहिजेच असेल तर लायसन्सवाला वायरमन बोलवा, हे मी धंद्यातलं बघून सांगतोय, मस्करी नाही.

अंधार चांगला मिळतो म्हणून खानापूरच्या रानात रात्री एकटे घुसू नका. गवे आणि अस्वलं आहेत. वनखात्याची परवानगी नसेल तर गावाजवळचं ओळखीच्यांचं शेत बघा, पोलीस पाटलाला आधी सांगून ठेवा, नाहीतर मध्यरात्री नळी आकाशाकडं लावून बसलेला माणूस बघून गाव गोळा होतं.

आणि आकडेमोडीतली थांबायची जागा. आलेख काढायला टँग्रा, पायमूव्ही आहेत, ते तुम्ही शिकू शकता. पण मुख्य खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बारीक खड्डे दिसले तर "मला कडं सापडलं" म्हणून ग्रुपवर टाकू नका. युरेनसच्या त्याच १९७७ च्या रात्री आपल्या तमिळनाडूतल्या कवलूरच्या वेधशाळेतही भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी एक खड्डा पकडला होता, आणि तो पहिल्यांदा नवा उपग्रह म्हणून जाहीर झाला, नंतर कळलं ते कडं होतं. एवढ्या मोठ्या लोकांचं असं होतं तर आपली काय कथा. असलं काही दिसलं, किंवा घड्याळाचा गोंधळ पूर्ण सेकंदांत न बसता भलताच येत असेल, तर स्वतःच्या मनाने वेळ पुढंमागं सरकवून जुळवू नका. एकदा सरकवली की ती नोंद मेली. आयोटासारख्या (पिधानाच्या वेळा मोजणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय) संघटनेला किंवा एखाद्या वेधशाळेतल्या माणसाला जसंच्या तसं द्या.

देताना काय द्यायचं: न कापलेली कच्ची फाइल, एनटीपीचा किंवा जीपीएसचा लॉग, नकाशावरचे दशांश आकडे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, बेळगाव शहरात ती साधारण साडेसातशे मीटर धरतात पण तुमच्या माळाची वेगळी बघा, एक्स्पोजर किती, आणि ढग होते का. मला फोन करणार असाल तर हे सगळं समोर ठेवून करा, आणि रात्री दहाच्या आत, सकाळी सहाला दुकानात पंप येतात.